सावरगावकडचा काठ

पांढुर्णा
९ जुलै १९८८

कुसुम,

पार्सल पोचलं. मी भाजी आणायला गेले होते, तेव्हा आईनेच सही केली आणि आईनेच फोडलं. मी परत येईपर्यंत तुझी कॅसेट बाबांच्या टेपरेकॉर्डरमध्ये घालून वाजवूनही झाली होती. आतून किर्रर्र आवाज आला तशी ती घाबरली. म्हणाली, "बापा! पोरीनं एवढ्या दुरून पाठवली अन् खराब निघाली वं." कॉम्प्युटरचा खेळ कॅसेटवर असाच ओरडतो, हे मी तिला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. दोन दिवस ती शेजारणींना सांगत फिरली की कुसुमची कॅसेट खराब आहे, आणि मी ऐकत राहिले.

तर अभिनंदन. हा शब्द पहिल्या ओळीत यायला हवा होता, पण पेन दुसरीकडेच गेलं.

सोमवारी शाळेत नेली. रघुनाथरावांनी प्रार्थनेनंतर सगळ्या मुलींना थांबवून घेतलं आणि कॅसेट वर धरून दाखवली. आपल्या शाळेच्या कॉम्प्युटरवर तयार झालेला खेळ पुण्याच्या कंपनीने काढला, असं म्हणाले. तुझं नाव दोनदा घेतलं. माझं घेतलं नाही, कारण ते कव्हरवर नाही. हेडमास्तरांना चष्मा लावून जे दिसतं तेच ते वाचणार. मी मागच्या रांगेत नववीच्या मुलींना सरळ उभं राहायला सांगत होते.

"झेंडा, भाग पहिला. लेखन आणि रचना: कुसुम." मी पाच-सहा वेळा वाचलं. आतल्या घडीवरही पाहिलं. चित्र कोणा मधुकरने काढलं आहे. खेळातली आपली पोर त्याने राजकन्या करून टाकली, गळ्यात मोत्यांची माळ घातली. नदीत दगड चुकवत जाणारी पोर माळ घालून जाईल का गं? तू तरी त्याला सांगायचं.

दोन वर्षांत विसरली असशील म्हणून लिहिते. आपण दोघी दरवर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तुमच्या काकांच्या गच्चीवरून गोटमार पाहायचो. खाली जाम नदीत पळसाचं झाड, त्यावर झेंडा, तो पळवायला अलीकडे पांढुर्णा, पलीकडे सावरगाव, आणि मधे दगडांचा पाऊस. बायकांना पात्रात उतरायची सोय नाही. तूच म्हणाली होतीस, "आपून कॉम्प्युटरमधी उतरू." आपण दोघी मास्तरणी ट्रेनिंगहून आल्यावर शाळेत ते मशीन आलं आणि आपण मांत्रिक, मगर, जलदेवी सगळे त्या नदीत आणून सोडले. पोरीला तीन गोष्टी दिल्या: बळ, धीर आणि नशीब. किती किती ते चिंचोके टाकून ठरवायचं. मराठी सगळी इंग्रजी अक्षरांत लिहायची, कारण मशीनला दुसरी येत नव्हती. पोर मेली की पडद्यावर यायचं, "मेलीस वं बाई, पुन्हा ये." ते वाक्य माझं होतं. तुझ्या कॅसेटमध्येही तेच येतं. मी मुद्दाम तीनदा मरून पाहिलं.

बाकी ठीक. तुझ्या नवऱ्याला चहा करता येतो हे तू तीन पत्रांत तीनदा लिहिलं आहेस. आता मला पाठ झालं.

इंदू


पांढुर्णा
४ ऑगस्ट १९८८

कुसुम,

तुझं चार पानी पत्र मिळालं. एवढ्या लांब पत्रात मला हवं होतं ते एक वाक्य नव्हतं, आणि तुला हवं होतं ते तू शेवटच्या पानावर मागितलंस. तुमचे साहेब पुंडलिकराव दुसरा भाग काढायला तयार आहेत, तेव्हा "ती वही लवकर पाठव."

वही सापडत नाही.

मी शाळेच्या विज्ञानाच्या कपाटात पाहिलं, घरी पेटीत पाहिलं, आईच्या ज्वारीच्या कोठीमागेही पाहिलं. पावसात वाळवी फार झाली आहे, बहुतेक वाळवीने खाल्ली. नाहीतर आठवीच्या मुली खेळायला घेऊन गेल्या असतील. आईलाही विचारलं. ती म्हणाली, "मले कायले विचारून राहिली? तुह्या वह्यांले मी हात तरी लावतो काय?"

वही कोणाची होती ते तुला आठवत असेलच. आपण भांडलो होतो. मी म्हणायचे तू सावरगावची, तुझ्या लोकांना कॉम्प्युटर जास्त नशीब देतो. तू म्हणायचीस पांढुर्ण्याचं बळ मी गुपचूप वाढवते. आठ दिवस बोलणं बंद होतं. मग तूच तोड काढलीस: तू माझ्या गावाचा काठ लिहायचा आणि मी तुझ्या गावाचा, म्हणजे कोणाला लबाडी करता येणार नाही. पांढुर्ण्याकडून निघणारी पोर तुझी झाली, तो पहिला भाग. सावरगावकडून निघणारी माझी झाली, तो दुसरा. तुझं लग्न ठरलं तेव्हा पहिला मशीनमध्ये बसवून झाला होता आणि दुसरा माझ्या वहीतच राहिला. एकशे बारा खोल्या, म्हणजे खेळातली एकेक जागा, चौकटीच्या कागदावर, प्रत्येकीत काय आहे ते लाल शाईने.

बरोबर आहे, पहिला भाग तू लिहिलास. नाही म्हणत नाही मी. पण कोरडी विहीर मी सुचवली होती, मगरीचं कोडंही माझं. कव्हरवर एवढीशी जागा नव्हती का? मोत्यांची माळ बसली तिथे.

दिवाळीत दहा दिवस पुण्याला ये म्हणतेस. "तिघं मिळून बसू, मधुकर फार हुशार आहे, तुला आवडेल." मला नाही आवडणार. मी येऊन काय करू, तुम्हा दोघांना खोल्या वाचून दाखवू? आईला सोडून येता येत नाही, हेच कारण समज.

"छापून येईल तेव्हा पाहशील" असं लिहून पुढे तू उद्गारचिन्ह काढलं आहेस. अजून किती पाहायचं आहे मी?

इंदू


पांढुर्णा
१५ सप्टेंबर १९८८

कुसुम,

परवा गोटमार झाली. तुमच्या काकांच्या गच्चीवर यंदा मी एकटी. काकूने चहा दिला आणि सगळा वेळ तुझंच बोलली. "आमच्या कुसुमनं गोटमारीले पुण्यात नेलं नं वं!" असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती. एकाने विचारलं, तिनं एकटीनं केलं? काकू म्हणाली, "मंग काय तं!" मी कपातला चहा संपवला.

झेंडा कोणाच्या हाती लागला नाही. संध्याकाळी दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांनी मिळून झाड काढलं आणि देवीकडे नेलं. तुला खेळाचा शेवट तसाच हवा होता. मला नको होता. मला कोणीतरी जिंकायला हवं होतं.

आता तुझ्या पत्राबद्दल. "वही मिळत नसेल तर मला आठवतं तेवढ्यावरून मधुकर आणि मी दुसरा भाग उभा करतो," असं तू लिहिलंस. "तू काळजी करू नकोस, मी सांभाळून घेईन," असंही लिहिलंस. काय सांभाळून घेशील? माझ्या खोल्या? त्या माणसाने जाम नदी पाहिली तरी आहे का? तो माझ्या पोरीला घोड्यावर बसवेल, माहीत आहे मला. सावरगावच्या त्या उतारावरून घोडा उतरतो का, त्याला विचार.

खरं सांगते, मला त्याचा राग नाही येत एवढा. मला तू त्याच्याशेजारी बसतेस याचा येतो. आपण एका स्टुलावर अर्धी अर्धी बसायचो. तू टाइप करायचीस आणि मी वाचून दाखवायचे, आणि चूक झाली की तू माझ्या मांडीवर चापट मारायचीस, जणू मीच टाइप केलं. आता तो वाचून दाखवत असेल. चूक झाल्यावर तू काय करतेस ते लिहू नकोस.

उद्या सौंसरला जाते आहे. मावशीला बरं नाही. तिकडून एक-दोन पत्रंही टाकायची आहेत. आई विचारत होती, "पांढुर्ण्यातलं पोस्ट जळलं काय?" म्हातारीला नको तिथे डोकं चालतं.

इंदू


पांढुर्णा
२ नोव्हेंबर १९८८

प्रिय कुसुम,

तुझं पत्र वाचून फार वाईट वाटलं. दुसरा भाग रद्द झाला, हे खरंच वाटत नाही. एवढी तुझी मेहनत, जाहिरात निघालेली, आणि पुंडलिकरावांनी एका निनावी पत्रावरून सगळं गुंडाळावं म्हणजे कमालच आहे. मोठ्या कंपनीच्या माणसाने एवढं भित्रं असू नये.

पण त्या पत्रात लिहिलं आहे ते अगदीच खोटं आहे असंही नाही म्हणता येत. गोटमारीत माणसं जखमी होतात, कधी मरतात, हे तर आपण गच्चीवरून पाहिलं आहे. ते पोरांना खेळ म्हणून विकायचं, उद्या कोणी कोर्टात गेलं तर काय, असं कोणा पालकाला वाटू शकतं. मी त्याची बाजू घेत नाही. फक्त म्हणते की वाटू शकतं.

शिक्का सौंसरचा होता म्हणतेस. सौंसरला काय कमी माणसं आहेत? लोधीखेड्याचा एखादा मास्तर असेल, रामाकोन्याचा एखादा शहाणा असेल. बाजारच्या दिवशी सगळा मुलूख सौंसरला येतो, कोण काय पेटीत टाकतं कोण पाहतं? मी त्या आठवड्यात तिथेच होते, पण मला तर कोणी संशयास्पद दिसलं नाही. मावशी आता बरी आहे.

तू पत्राच्या शेवटी विचारलं आहेस, "तुला काही सुचतं का कोण असेल?" मला काही सुचत नाही. तू हे मलाच का विचारलंस तेही कळलं नाही.

प्रकृतीला जप. आईने तुझ्यासाठी तिळाची चटणी करून ठेवली आहे, कोणी पुण्याला जाणारं मिळालं की पाठवते.

तुझीच,
इंदू


पांढुर्णा
२७ नोव्हेंबर १९८८

कुसुम,

काल तुझं पाकीट आलं. आत पत्र नव्हतं. नुसतं कव्हर होतं.

"झेंडा, भाग दुसरा: सावरगावकडचा काठ. लेखन आणि रचना: इंदू." बस एवढंच. तुझं नाव कुठेच नाही. मी उलटून पाहिलं, आतल्या घडीवरही पाहिलं, जुलैत पाहिलं होतं तसं. तुझं नाव नाही. खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात छपाईची तारीख आहे, २० ऑगस्ट. म्हणजे मी वाळवीच्या गोष्टी लिहीत होते तेव्हा हे छापायला गेलं होतं. वही हातात नसताना तू माझं नाव छापून घेतलंस. पहिला तुझा, दुसरा माझा, ठरलं होतं तसंच. कव्हरवर नावंही तशीच येणार हे मी सोयीने विसरले आणि तुझ्यावर चार महिने जळत राहिले.

आणि मधुकरने काढलेली पोर. काळी, दांडगी, परकर खोचलेला, दगड लागू नये म्हणून डोक्याला घोंगडी बांधलेली. तू त्याला बसवून सांगितलं असणार. नाहीतर पुण्याच्या माणसाला ही पोर कशी सुचेल?

मी शाळेत गेले नाही. आईने विचारलं, "काऊन वं, तब्येत बरी नाही काय?" मी कव्हर तिच्या हातात दिलं. तिने नाव बोटाने वाचलं आणि ती एवढी खूश झाली की मला तिथे उभं राहवेना.

कुसुम, ते पत्र मी लिहिलं.

सौंसरला मावशीच्या ओट्यावर बसून लिहिलं, डाव्या हाताने, म्हणजे अक्षर ओळखू येऊ नये. खाली "एक पालक" लिहिलं. मला पोरं नाहीत, लग्न नाही, पण पालक झाले. मावशीला काही झालं नव्हतं. ती शेजारी बसून शेंगा सोलत होती, विचारत होती की कोणाला लिहून राहिली. मी म्हटलं, सरकारला. पत्र पेटीत टाकलं आणि बसमध्ये येताना मला बरं वाटत होतं. हे लपवत नाही. पांढुर्णा येईपर्यंत अगदी हलकं वाटत होतं. वाटलं, आता तो मधुकर काही बसणार नाही तुझ्याशेजारी.

वही हरवलेली नाही. कपाटात ॲसिडच्या बाटल्यांच्या मागे आहे, मीच ठेवली. वाळवीने बोटही लावलेलं नाही.

मी आजच पुंडलिकरावांना पत्र टाकलं, उजव्या हाताने, पूर्ण नाव आणि पत्ता घालून, पांढुर्ण्याच्या पेटीत. ते निनावी पत्र माझं होतं, हेव्यापोटी लिहिलं, कोणी पालक कोर्टात जाणार नाही, खेळ काढा. कव्हरवर माझं नाव नको असेल तर काढून टाका, असंही लिहिलं. वही उद्या शाळेतून काढून रजिस्टरने तुझ्या पत्त्यावर पाठवते.

तुझी क्षमा मागायला हवी. ती मागते. पण मागताना मला असंही वाटतं आहे की तू हे कव्हर मुद्दाम पत्राशिवाय पाठवलंस, मला मेल्याहून मेल्यासारखं व्हावं म्हणून. बघ, अजूनही माझं मन कुठे जातं ते.

इंदू


पांढुर्णा
१९ जानेवारी १९८९

कुसुम,

पुंडलिकरावांचं कार्ड आलं होतं. तीन ओळी. खेळांचा विभाग बंद केला आहे, मशीन विकली आहेत, आता फक्त टायपिंग शिकवायच्या कॅसेट काढतो. आपल्या प्रामाणिकपणाबद्दल आभार. प्रामाणिकपणा या शब्दाखाली मी बराच वेळ बोट धरून बसले होते.

मग काल तुझं पत्र आलं. तुझी नोकरी गेली हे मला तुझ्याकडून नाही, काकूकडून आधीच कळलं होतं. तू त्याबद्दल एक ओळ लिहिलीस, आणि तीही "सध्या घरी गणिताच्या शिकवण्या घेते, बरं चाललंय" अशी. मधुकर कॅलेंडरची चित्रं काढतो. म्हणजे मी दोघांची वाट लावली आणि माझा स्वतःचा खेळ मारला, तो वेगळाच.

पण तुझ्या पत्रात जे दुसऱ्या पानावर आहे, त्याने मी कालपासून जागच्या जागी आहे. तुला ऑक्टोबरमध्येच माहीत होतं. पुंडलिकरावांनी ते निनावी पत्र तुझ्या हातात दिलं आणि विचारलं, तुमच्या गावचं कोण असेल हे? तू वाचलंस. त्यात मी शहाणपणाने लिहिलं होतं की दुसऱ्या भागात एक मुलगी पात्राच्या मधोमध उभी असते, दोन्ही काठांवरून दगड येतात आणि तिचा धीर शून्य झाला की ती मरते, हे मुलांनी पाहावं काय. अठ्ठेचाळिसावी खोली. तुझं लग्न झाल्यावर लिहिलेली. ती खोली माझ्या वहीशिवाय जगात कुठेच नव्हती, तुलाही मी सांगितली नव्हती. डावा हात वापरला, दुसऱ्या गावचा शिक्का मिळवला, आणि आपणच लिहिलेलं दाखवायचा मोह मात्र सुटला नाही. तुला माझी लिहिण्याची पद्धत दोन ओळींत कळली. तू म्हणतेस, पहिल्यांदा मनात आलं ते हे, की खोली फार चांगली आहे.

आणि पुंडलिकरावांना तू सांगितलंस, "माहीत नाही साहेब, अक्षर ओळखीचं नाही."

तेवढं एक वाक्य बोलली असतीस की हे आमच्या इंदूचं काम आहे, ती चिडली आहे, कोर्टबिर्ट काही नाही, तर खेळ वाचला असता. नोकरी वाचली असती. तू बोलली नाहीस, कारण त्यांनी मग कव्हरवरून माझं नाव काढलं असतं. मला नुसतं विचारलंस, तुला काही सुचतं का. मी तुला लोधीखेड्याचा मास्तर सुचवला.

शेवटी तू लिहिलंस, "जाऊ दे, इंदू. तुझ्या जागी मी असते तर माझ्याच्यानंही हेच झालं असतं."

नाही झालं असतं. मी काल दिवसभर प्रयत्न केला. तू शाळेच्या मागच्या रांगेत उभी आहेस, कॅसेटवर माझं एकटीचं नाव आहे, मी पुण्यात कोणाशेजारी तरी बसते आहे, आणि तू सौंसरच्या बसमध्ये चढते आहेस, असं डोळ्यांसमोर आणून पाहिलं. तू चढतच नाहीस. तू घरी जाऊन माझ्या आईला पेढे देतेस.

तुझं पुणं, तुझा नवरा, तुझी कॅसेट, या सगळ्यांवर मी जळले, पण त्या वस्तू तरी होत्या. मनात आलं असतं तर कधीतरी मलाही मिळाल्या असत्या. हे तुझं गप्प राहणं मला कधी जमणार नाही. मला एक शिव्यांनी भरलेलं पत्र लिही, कुसुम. एकदा तरी माझ्याइतकी वाईट वाग. तू चांगली आहेस याचा मला सगळ्यात जास्त हेवा वाटतो, आणि तो काही केल्या जात नाही.

इंदू